तापात उठलेलं पुरळ: सहा वर्षांच्या एका मुलाचं प्रकरण

या लेखातलं मूल हे कुणी एक मूल नाही. अकोला, बुलढाणा, वाशीम या पट्ट्यात ताप आणि पुरळ घेऊन येणाऱ्या मुलांमध्ये जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते जुळवून हे प्रकरण उभं केलं आहे. आकडेही अशा मुलांचे असतात तसेच घेतले आहेत. निदान शेवटपर्यंत झाकून ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून आधीच सांगतो: तो स्पॉटेड फीवर होता, गोचिडीमार्फत येणारा, रिकेट्सिया नावाच्या जंतूचा ताप. मला सांगायचं आहे ते वेगळं आहे. त्या निदानाकडे कसं पोचता येतं, आणि ते कागदावर सिद्ध होण्याच्या कितीतरी आधी औषध का सुरू करावं लागतं, हे.

मूल आलं तेव्हा

मुलगा ६ वर्षांचा, वजन १८ किलो. घर गावाच्या कडेला, मागे गोठा. पाऊस ओसरलेला, सोयाबीन काढणीला आलेलं. पहिल्या दिवशी दुपारी अचानक १०३ अंश ताप. डोकं दुखतं, पाय दुखतात म्हणून तो रडत होता, उचलून घेतलं तरी कण्हत होता. दुसऱ्या दिवशी गावातल्या दवाखान्यातून तापाचं सिरप मिळालं. तिसऱ्या दिवशी तालुक्याला रक्त तपासलं, डेंग्यूची एनएस-१ चाचणी निगेटिव्ह आली आणि त्याच संध्याकाळी अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिन गटातलं प्रतिजैविक सुरू झालं. चौथ्या दिवशी संध्याकाळी आई ओल्या फडक्याने अंग पुसत होती, तेव्हा तिला मनगटांवर आणि घोट्यांवर लाल ठिपके दिसले. पाचव्या दिवशी ते मांड्यांवर, कुल्ल्यांवर, पोटावर पोचले. पापण्या सुजल्या, पायांवर सूज आली, ताप १०४ झाला. त्या संध्याकाळी घरचे त्याला घेऊन आले.

घरात दोन मतं होती. आजीचं म्हणणं, "गोवर हाय तो. पुरता निघू द्या, दाबू नका." तिने फोडणी बंद केली होती आणि कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवला होता. वडिलांनी औषधाची बाटली खिशातून काढून टेबलावर ठेवली. "साहेब, हे देल्लं अन् दुसऱ्या दिवशी उठलं. गरम पडलं लेकराले."

या दोन्ही शक्यता तपासण्याजोग्याच होत्या. तापात पुरळ उठलं की जगभरातले डॉक्टर पहिले दोन प्रश्न हेच विचारतात: हा संसर्गाचा भाग आहे की औषधाचा परिणाम? आजी आणि वडील ते दोन्ही प्रश्न घेऊनच आले होते.

आधी तारखा

पुरळाचं निदान त्वचेकडे बघून होतं असा समज आहे. माझ्या मते अर्धं निदान कॅलेंडरवर होतं. ताप कोणत्या दिवशी आला, पुरळ कोणत्या दिवशी उठलं, कुठून सुरू झालं, कोणत्या दिशेने सरकलं आणि प्रत्येक औषध कधी सुरू झालं, हे एका कागदावर ओळीने लिहून काढलं की बऱ्याच शक्यता आपोआप मागे पडतात. आईवडिलांनी हा कागद घरूनच आणला तर डॉक्टरचा वेळ वाचतो आणि मुलाचाही. पुरळाचा पहिल्या दिवशी उजेडात काढलेला मोबाईलवरचा फोटो तर फारच उपयोगी, कारण आपल्यासमोर येईपर्यंत ते कुठून सुरू झालं ही खूण पुसली गेलेली असते.

गोवराचं वेळापत्रक ठरलेलं असतं. आधी तीनचार दिवस ताप, खोकला, नाकडोळ्यांतून पाणी, डोळे लाल. गालाच्या आतल्या बाजूला मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके. मग कानामागून आणि कपाळापासून पुरळ सुरू होतं आणि चेहऱ्यावरून खाली पायांपर्यंत उतरतं. या मुलाला खोकला नव्हता, नाक वाहत नव्हतं, तोंडात ठिपके नव्हते. पुरळ उलट्या वाटेने, हातापायांच्या टोकांकडून धडाकडे चढलं होतं. लसीकरणाच्या कार्डावर गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस होते. गोवर संपलेला नाही, २०२२ च्या अखेरीस मुंबईत त्याची मोठी साथ आली होती, म्हणून आजीचा संशय मोडीत काढायचा नव्हता. पण हा गोवर नव्हता.

औषधाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. एखादं औषध आयुष्यात पहिल्यांदाच घेतलं तर त्याचं गोवरासारखं पुरळ साधारण ४ ते १४ दिवसांत उठतं. या मुलाला पुरळ आलं तेव्हा अमॉक्सिसिलिन सुरू होऊन एकच दिवस झाला होता. एवढ्यावर औषध निर्दोष ठरलं असतं, पण आईने सांगितलं की गेल्या थंडीत कान फुटला तेव्हा हेच औषध दिलं होतं. शरीराला आधीची ओळख असेल तर पुरळ एक ते तीन दिवसांतही येऊ शकतं. म्हणजे तारखांनी इथे निकाल दिला नाही. निकाल द्यायला त्वचा लागली: औषधाचं पुरळ बहुधा छाती-पाठीपासून सुरू होतं, दोन्ही बाजूंना सारखं पसरतं, खाजतं, आणि दाबलं की फिकं पडतं. या मुलाला खाज अजिबात नव्हती.

औषधाच्या पुरळाचा एक प्रकार मात्र वाट बघू देत नाही. त्वचा नुसती लाल नसून दुखते, ओठांवर आणि तोंडात फोड येतात, डोळे चिकटतात, लघवीच्या जागी जळजळ होते, कातडी सुटू लागते. अशा वेळी संशयित औषध ताबडतोब थांबवून मोठ्या रुग्णालयात पोचायचं असतं. या मुलाचं तोंड, डोळे, ओठ नीट पाहिले. फोड नव्हते.

तळहात, तळपाय आणि काचेचा पेला

पुस्तकातली पुरळांची बहुतेक छायाचित्रं गोऱ्या कातडीची असतात. आपल्याकडच्या सावळ्या मुलांच्या अंगावर तो लालसरपणा तसा दिसतच नाही. तो तपकिरी, जांभळट किंवा नुसता खरखरीत वाटतो, आणि रात्री पिवळ्या बल्बखाली पार हरवतो. म्हणून सगळे कपडे काढून, खिडकीशी, तिरक्या उजेडात बघायचं, आणि तळहात-तळपाय कधीच सोडायचे नाहीत. तिथली कातडी सगळ्यांचीच फिकी असते.

या मुलाच्या तळहातांवर आणि तळपायांवर ठिपके होते. आईने ते पाहिले नव्हते, कारण कुणी तिथे बघत नाही.

तापासोबत तळहात-तळपायांवर पुरळ म्हटलं की यादी आखूड होते. हात-पाय-तोंडाचा विषाणूजन्य आजार लहान मुलांत होतो, पण त्यात पाण्याचे छोटे फोड असतात, तोंडात फोड येतात, आणि मूल सहसा इतकं आजारी दिसत नाही. मोठ्या माणसांत दुसऱ्या अवस्थेतला सिफिलिस आठवावा लागतो. हृदयाच्या झडपांच्या संसर्गातही तिथे डाग दिसतात. आणि रिकेट्सिया.

मग काचेचा स्वच्छ, पारदर्शक पेला मांडीवर दाबून धरला. पुरळ नुसत्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांचं असेल तर काचेखाली नाहीसं होतं. रक्त वाहिनीबाहेर झिरपलं असेल तर ठिपका जागचा हलत नाही. पोटावरचे ठिपके फिके पडले. घोट्यांवरचे, म्हणजे आधी उठलेले, तसेच राहिले. ही चाचणी कुणालाही घरी करता येते, आणि मला वाटतं प्रत्येक आईवडिलांना ती माहीत असावी: तापात असलेल्या मुलाचे ठिपके दाबूनही जात नसतील तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री रुग्णालय गाठावं.

यामागचं सर्वांत भीतिदायक कारण म्हणजे मेनिंगोकॉकस या जंतूचा, रक्तात आणि मेंदूच्या आवरणात होणारा संसर्ग. त्यात जांभळे डाग काही तासांत पसरतात आणि मूल डोळ्यांदेखत खचतं. या मुलाची मान ताठ नव्हती, रक्तदाब ठीक होता, पुरळ एक दिवस सावकाश पसरत होतं. तरीही रक्तातला जंतू वाढवून बघायला कल्चर घेऊन सेफ्ट्रियाक्सोन हे प्रतिजैविक इंजेक्शन सुरू केलं. संभव कमी असला तरी त्या आजारात पहिला डोस चुकवून चालत नाही.

डेंग्यू आणि कावासाकी

आमच्या भागात पावसाळ्याअखेर ताप, पुरळ आणि उतरलेल्या प्लेटलेट म्हटलं की सगळे डेंग्यू म्हणतात, आणि बहुतेकदा बरोबर असतात. मुलाच्या प्लेटलेट ८८,००० होत्या. एनएस-१ निगेटिव्ह होती खरी, पण ती चाचणी डेंग्यू असूनही निगेटिव्ह येऊ शकते, विशेषतः कार्डावरची. म्हणून पाचव्या दिवशीच्या रक्तातून डेंग्यूची आयजीएम, म्हणजे शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेल्या प्रतिद्रव्यांची चाचणी, पाठवली. डेंग्यूवर माझा विश्वास बसत नव्हता तो दुसऱ्या कारणाने. डेंग्यूत अंगभर लाली आणि मधे पांढरी बेटं असं पुरळ बहुधा ताप उतरता उतरता येतं. या मुलाचा ताप आणि पुरळ दोन्ही एकदमच चढत होते. शिवाय पांढऱ्या पेशी ११,२०० होत्या. डेंग्यूत त्या सहसा घटतात.

कावासाकीचा आजार, म्हणजे लहान मुलांत रक्तवाहिन्यांना येणारी सूज, जास्त सतावत होता. पाच दिवस ताप, पुरळ, हातापायांची सूज, थोडे लाल डोळे, हे सगळं त्यातही असतं. तो लवकर ओळखून, ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन दिलं नाही तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांना फुगे येण्याचा धोका राहतो. पण मुलाचे ओठ फुटलेले नव्हते, जीभ लालभडक नव्हती, मानेत गाठ नव्हती, आणि कावासाकीत न दबणारे ठिपके सहसा नसतात. त्याला यादीतून काढलं नाही, तारीख दिली: पुढच्या ४८ तासांत ताप उतरला नाही तर हृदयाची सोनोग्राफी.

बाकीच्या रक्तात सोडियम १२८ म्हणजे कमी, यकृताचं एसजीपीटी ११२ म्हणजे वाढलेलं, अल्ब्युमिन हे प्रथिन २.५ म्हणजे कमी. हे आकडे वेगवेगळे पाहिले तर काहीच सांगत नाहीत. एकत्र पाहिले की रक्तवाहिन्या गळत आहेत हे कळतं. रिकेट्सिया हा जंतू पेशीच्या आत राहणारा आहे, आणि त्याचं घर म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर. तिथे तो वाढतो, अस्तर सुजतं, आधी वाहिनी फुगते म्हणून दबणारा लाल ठिपका, मग रक्त झिरपतं म्हणून न दबणारा. पाणी आणि प्रथिनं बाहेर पडतात म्हणून पापण्या आणि पाय सुजतात. हेच फुप्फुसात, मेंदूत, मूत्रपिंडात चाललेलं असतं, फक्त तिथे आपल्याला पुरळ दिसत नाही. अशा मुलाला सलाईनही मोजूनमापून द्यावं लागतं, नाहीतर तेच पाणी फुप्फुसात उतरतं.

गोचीड

"गोचीड चावली होती का?" या प्रश्नाला जवळजवळ नेहमी "नाही" हेच उत्तर मिळतं. तिचा चावा दुखत नाही, आणि अगदी बारकी गोचीड रक्त पिऊन गळूनही जाते. म्हणून प्रश्न बदलला. घरात कुत्रं आहे का? त्याच्या गोचिडी कोण काढतं? काढून काय करतं? आई म्हणाली, "कुत्रं आमचं नाही, शेजारचं येऊन ओट्यावर झोपते. हा त्याच्याच अंगावर पडून राहते." आणि गोचिडी? त्या मुलं उपटतात आणि दगडाने फोडतात.

कुत्र्यावरची तपकिरी गोचीड भिंतींच्या भेगांत, फरशीच्या सांध्यांत महिनोन्महिने राहू शकते. जंगलात जावं लागत नाही. ती फोडली तर तिच्या आतला द्रव बोटावरच्या ओरखड्यातून किंवा डोळ्याला हात लागून शरीरात जाऊ शकतो. म्हणून ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी, चुरडू नये, रॉकेल ओतू नये, काडीने जाळू नये.

मुलाचं डोकं केस बाजूला करत तपासलं. कानामागे, काखेत, जांघेत, बेंबीत पाहिलं. गोचीड नव्हती. चाव्याच्या जागी पडणारी काळी खपलीही नव्हती. ही खपली स्क्रब टायफसमध्ये जास्त दिसते. तो ताप माइट नावाच्या किड्याच्या पिल्लांमुळे होतो, आणि २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास त्याची साथ आली तेव्हा विदर्भातल्या डॉक्टरांना काखा-जांघा बघायची सवय लागली. स्पॉटेड फीवरमध्ये आपल्याकडे खपली अनेकदा नसतेच. ती नाही म्हणून निदान सोडायचं नसतं. दोन्ही आजारांचं औषध एकच आहे, हे आमचं नशीब.

निर्णय

त्याच रात्री डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू केलं, ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. विरघळणारी गोळी पाण्यात घालून, खाल्ल्यानंतर, वर भरपूर पाणी पाजून, आणि नंतर काही वेळ आडवं न होऊ देता, कारण हे औषध अन्ननलिकेत अडकलं तर तिथे जखम करतं.

हातात पुरावा काय होता? वाइल-फेलिक्स चाचणी केली होती, ती निगेटिव्ह. ही चाचणी १९१६ ची. ती रिकेट्सिया शोधतच नाही. प्रोटिअस नावाच्या दुसऱ्याच जंतूशी रुग्णाच्या रक्तातली प्रतिद्रव्यं योगायोगाने जुळतात, त्यावर ती चालते. स्वस्त आहे, तालुक्याला होते, पण पहिल्या आठवड्यात बहुधा निगेटिव्हच येते. एलायझा चाचणीही प्रतिद्रव्यं तयार व्हायला लागल्यावरच खरं बोलते. म्हणजे औषधाचा सर्वाधिक उपयोग ज्या दिवसांत असतो, नेमकं तेव्हाच चाचण्या गप्प असतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात की संशय असेल तर अहवालासाठी उपचार थांबवू नयेत. उशीर झालेल्या मुलांत बोटांची टोकं, कानाच्या पाळ्या काळ्या पडतात, झटके येतात, काही मुलं जातात. ज्याला हे ठाऊक आहे त्याने अहवालाच्या वाटेकडे डोळे लावून बसू नये, असं माझं ठाम मत आहे.

अमॉक्सिसिलिन आणि सेफ्ट्रियाक्सोन यांचा रिकेट्सियावर काही परिणाम होत नाही. "एवढं भारी इंजेक्शन देऊनही ताप हटत नाही" हीसुद्धा एक खूणच असते. अशा वेळी आणखी भारी इंजेक्शनकडे जायचा मोह होतो, आणि काही रुपयांची गोळी राहून जाते.

ती राहून जाण्याचं दुसरं कारण दात. आठ वर्षांखालच्या मुलांना टेट्रासायक्लिनने, म्हणजे डॉक्सिसायक्लिन ज्या गटातलं आहे त्या औषधांनी, दात पिवळे पडतात, हे वैद्यकीय शिक्षणात इतकं पक्कं बसलं आहे की औषध दुकानदारही चिठ्ठी परत पाठवतात. हा धोका जुन्या टेट्रासायक्लिनचा आणि वारंवार घेतलेल्या कोर्सचा. डॉक्सिसायक्लिनच्या छोट्या कोर्सने मुलांच्या कायमच्या दातांवर डाग पडत नाहीत असं अभ्यासांत दिसलं, आणि अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये २१ दिवसांपर्यंतच्या कोर्ससाठी वयाची अट काढून टाकली. वडिलांना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "जीव वाचते ना?"

पुढे काय झालं

सहाव्या दिवशी ताप तसाच होता. सातव्या दिवशी दुपारी १०० वर आला, रात्री उतरला आणि पुन्हा चढला नाही. रिकेट्सियात डॉक्सिसायक्लिन दिल्यावर ४८ ते ७२ तासांत ताप उतरणं हे इतकं ठरलेलं आहे की तसं झालं नाही तर निदानच पुन्हा तपासावं लागतं. कल्चर निगेटिव्ह आलं, सेफ्ट्रियाक्सोन बंद केलं. डेंग्यूची आयजीएम निगेटिव्ह. प्लेटलेट आठव्या दिवशी दीड लाखांवर. गोळी एकूण सात दिवस दिली. घोट्यांवरचे ठिपके तपकिरी होत गेले आणि तिथली कातडी सालपटासारखी निघाली. दोन आठवड्यांनी घेतलेल्या रक्तात स्पॉटेड फीवरची आयजीएम एलायझा पॉझिटिव्ह आली. तोवर मुलगा शाळेत जात होता.

एक काम मागे राहिलं होतं. पाचव्या दिवशी, आमच्याकडे येण्याआधी, त्याच्या फाइलवर कुणीतरी लाल शाईने "पेनिसिलिन अ‍ॅलर्जी" असं लिहिलं होतं. अशी नोंद एकदा पडली की जन्मभर पाठ सोडत नाही. पुढे प्रत्येक आजारात साधं, स्वस्त, सुरक्षित औषध टाळलं जातं आणि महागडं दिलं जातं. पुरळाचं कारण दुसरं सापडलं तर ती नोंद तपासणं हा उपचाराचाच भाग आहे. बरा झाल्यावर मुलाला देखरेखीखाली अमॉक्सिसिलिनचा डोस दिला, काही झालं नाही, आणि नोंद रद्द केल्याचं फाइलवर तारखेसह लिहिलं. ज्याला औषधाने फोड आले, श्वास अडकला किंवा तोंड सुजलं, त्याच्यावर हा प्रयोग कधीही करायचा नसतो. इथे तसं काही घडलं नव्हतं.

घरी ओट्याच्या आणि गोठ्याच्या भेगा सिमेंटने बुजवल्या. शेजाऱ्यांच्या कुत्र्याला पशुवैद्यकीय दवाखान्यातून गोचिडींवरचं औषध मिळालं.

मुलगा घरी गेल्यानंतर काही दिवसांनी आई पुन्हा आली, यावेळी ३ वर्षांच्या धाकटीला घेऊन. तापाचा दुसरा दिवस, १०२, पाय दुखत होते, अंगावर एकही ठिपका नव्हता. स्पॉटेड फीवरमध्ये पुरळ बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी उठतं, आणि एकाच घरात दोघांना हा ताप येऊ शकतो, कारण गोचिडी त्याच असतात. कल्चर आणि डेंग्यूच्या चाचण्या पाठवल्या आणि पुरळाची वाट न बघता, वजनानुसार मात्रा काढून डॉक्सिसायक्लिन सुरू केलं. दोन दिवसांत ताप गेला. पुरळ आलंच नाही. दोन आठवड्यांनी रक्त द्यायला तिला आणलं नाही, त्यामुळे तिचा ताप नेमका कशाचा होता हे सिद्ध झालं नाही. तिच्या कागदावर निदानाच्या जागी "संशयित" असंच लिहिलेलं आहे.